वजन कमी करण्याची जुनी, स्वस्त औषधं: कोणतं कुणाला चालतं आणि डॉक्टरांकडे काय विचारायचं

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत साडेतीन हजार रुपये होती, तीही सर्वांत कमी डोसची. जूनमध्ये वेगोव्ही हे तसंच दुसरं इंजेक्शन आलं. तेव्हापासून मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न रोज कानावर पडतो : "दादा, त्या इंजेक्शनसारखी एखादी स्वस्तातली गोळी नाही का?"

आहेत, पण त्या इंजेक्शनसारख्या नाहीत. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. जुन्या गोळ्यांपैकी बहुतेकींचा हिशेब दोन ते पाच किलोंचा असतो. एवढं आधी मान्य असेल तरच पुढे वाचा. मग जुनी औषधं घ्यायचीच कशाला? तर वजन जास्त असलेल्या माणसाला सहसा आणखी काहीतरी असतंच : शुगर, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार), अर्धशिशी, उदासपणा, सिगारेट. त्या दुखण्यावर जी गोळी द्यायचीच आहे, ती वजनाला मदत करणारी निवडता येते. या लेखात मी औषधं त्याच चष्म्यातून मांडली आहेत. 'सर्वांत जास्त किलो कशाने उतरतात' हा प्रश्न इथे दुय्यम आहे.

इथली सगळी औषधं चिठ्ठीवरच मिळायला हवीत. वाचून थेट मेडिकलमध्ये जायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. लेख त्या भेटीच्या तयारीसाठी आहे.

पहिली पायरी : आपण औषधाच्या रेषेत बसतो का?

वजन किलोमध्ये घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, उंचीचा वर्ग करून त्याने वजनाला भागा. १.६० मीटर उंची आणि ७२ किलो वजन असेल तर बीएमआय साधारण २८ येतो. अमेरिकेत वजनाच्या औषधासाठी ३० ची रेषा आहे, सोबत बीपी किंवा शुगर असेल तर २७ ची. आपल्या शरीरात त्याच वजनाला पोटाची चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी या रेषा खाली आणल्या. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. औषधाचा विचार २७ च्या वर, आणि सोबत आजार असेल तर २५ च्या वर.

कंबरही मोजा. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर किंवा बाईची ८० च्या वर असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. टेप पोटावर बेंबीजवळ धरा, श्वास सोडून झाल्यावर मोजा. पँटची साइज ही कंबर नव्हे. पँट पोटाखाली बसते.

लग्नाआधी चार किलो उतरवायचेत आणि बीएमआय २२ आहे, अशांसाठी यातलं एकही औषध नाही.

दुसरी पायरी : औषधांची पिशवी टेबलावर ओता

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा इथेच आहे. नवी गोळी सुरू करण्याआधी जुन्या गोळ्यांपैकी कोणती वजन वाढवतेय ते बघा. घरातली सगळी पाकिटं एकत्र करा आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरांतलं नाव वहीत उतरवा. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. आपल्याला औषधाचं नाव हवंय.

यादीत पुढचं काही सापडतंय का बघा.

शुगरसाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, पायोग्लिटाझोन किंवा इन्सुलिन. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन. आपल्याकडे हे फार लिहिलं जातं आणि त्याने भूक वाढते. फिट्ससाठी किंवा मूडसाठी व्हॅल्प्रोएट. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन. मानसोपचारात ओलान्झापिन, मिर्टाझापिन. बीपी किंवा धडधडीसाठी अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. आणि 'भूक लागत नाही' म्हणून कधीतरी सुरू झालेलं, मग कुणी बंदच न केलेलं सायप्रोहेप्टाडिन. शेवटचं नाव मला अशा वह्यांमध्ये अनेकदा दिसतं.

यातलं काहीही स्वतःहून थांबवू नका. व्हॅल्प्रोएट अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते, प्रोप्रानोलॉल अचानक बंद केलं तर छातीचं दुखणं उफाळू शकतं, स्टेरॉइड अचानक बंद करणं तर सरळ धोक्याचं. डॉक्टरांना फक्त एवढं विचारा : "याच्याऐवजी वजन न वाढवणारं काही चालेल का?" फ्लुनारिझिनच्या जागी टोपिरामेट आलं तर वजन वाढवणारी गोळी जाते आणि वजन उतरवणारी येते, चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या तेवढीच राहते.

तिसरी पायरी : तपासण्या, मोजक्याच

क्रिएटिनिन (किडनीसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), एसजीपीटी (यकृतासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ जीवनसत्त्व. बीपी दोन वेगवेगळ्या दिवशी. बाळ होऊ शकेल अशा वयाच्या बाईने गर्भधारणा चाचणी करावी, मग दिवस गेलेले नाहीत याची कितीही खात्री वाटत असली तरी. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत यातलं बरंचसं नाममात्र पैशांत होतं. मोठं 'फुल बॉडी' पॅकेज घेण्याची गरज नाही. त्या ऐंशी-नव्वद आकड्यांपैकी या निर्णयाला लागणारे एवढेच.

टीएसएच वाढलेला निघाला तर आधी थायरॉइडचा उपचार. मात्र थायरॉइड ठीक असताना वजनासाठी थायरॉक्सिन घेणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. अमेरिकेत त्या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेली ताकीद याचसाठी आहे.

चौथी पायरी : दुखण्याला साजेसं औषध

*शुगर काठावर आहे, किंवा पीसीओएस आहे : मेटफॉर्मिन*

यादीतलं सर्वांत स्वस्त औषध. ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी एक-दोन रुपयांच्या घरात पडते, जनऔषधी केंद्रात त्याहूनही कमी. फ्रान्समध्ये १९५७ पासून वापरात आहे. वजनासाठी त्याला औपचारिक मान्यता नाही, तरी डॉक्टर विचारपूर्वक देतात.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. रोज ८५० मिलिग्रॅम दोनदा घेणाऱ्यांचं वजन सरासरी २.१ किलो उतरलं आणि मधुमेह होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. त्याच अभ्यासात नुसतं खाणं आणि चालणं सुधारलेल्या गटाचं वजन ५.६ किलो उतरलं, धोका ५८ टक्क्यांनी. गोळी हरली, हे लपवण्यात अर्थ नाही. चेन्नईच्या अभ्यासात ५३१ भारतीयांपैकी काहींना रोज फक्त २५० मिलिग्रॅम दोनदा दिलं, तरी मधुमेहाचा धोका सव्वीस टक्क्यांनी कमी झाला. वजन मात्र फारसं हललं नाही. म्हणजे मेटफॉर्मिनचा खरा फायदा काट्यावर कमी आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये जास्त दिसतो.

घेण्याची पद्धत महत्त्वाची, कारण काही लोक सुरुवातीलाच पोट बिघडलं म्हणून सोडून देतात. रात्रीच्या जेवणाच्या मध्यात ५०० ची एक गोळी. जेवणाआधी नको, रिकाम्या पोटी तर नकोच. आठवडाभर पोटाने ऐकलं तर डॉक्टर सकाळच्या जेवणात दुसरी वाढवतात, आणि असं करत १,५०० ते २,००० पर्यंत नेतात. मळमळ, जुलाब, तोंडात धातूसारखी चव हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतं आणि बहुतेकांचं जातं. गेलं नाही तर एसआर गोळी मागा, ती पोटात हळूहळू सुटते. एसआर गोळी चावायची नाही, तोडायची नाही. आणि शौचातून कधी अख्खी गोळी पडल्यासारखी दिसली तर घाबरू नका. औषध शरीरात गेलेलं असतं, बाहेर पडतं ते रिकामं टरफल.

बी-१२ कडे लक्ष ठेवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं. पायाला मुंग्या, जीभ लाल, थकवा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या मुंग्या 'शुगरमुळेच' म्हणून सोडून दिल्या जातात. वर्षातून एकदा बी-१२ तपासा, साधा उपाय आहे.

किडनीचं काम बरंच मंदावलं असेल (क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली) तर मेटफॉर्मिन अजिबात नको, ३० ते ४५ च्या मध्ये असेल तर नव्याने सुरू करत नाहीत. रोज दारू घेणाऱ्याने डॉक्टरांना खरं सांगावं. उलट्या-जुलाबांनी अंग कोरडं पडलं, किंवा सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय द्यायचा ठरला, तर गोळी थांबवायची का ते आधी विचारा.

पीसीओएसवाल्या मुलींसाठी आणखी एक. मेटफॉर्मिनने पाळी नियमित होऊ लागते, म्हणजे बीजही सुटू लागतं. 'मला तसंही दिवस राहत नाहीत' या भरवशावर राहू नका.

*मधुमेह नक्की आहे : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन*

ही फार जुनी नाहीत, पण स्वस्त झालीत म्हणून यादीत घेतली. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपासची गोळी अनेक भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या खाली आणली.

काम साधं आहे. लघवीतून साखर बाहेर टाकतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत, आणि साखरेसोबत तिच्या कॅलरीही जातात. वजन दोन-तीन किलो उतरतं, बीपी थोडं उतरतं, हृदय आणि किडनीलाही फायदा होतो. ग्लिमेपिराइडने वजन चढलंय आणि शुगर तरीही हलत नाही, अशा माणसाने हा पर्याय डॉक्टरांकडे नक्की काढावा. मधुमेह नसताना निव्वळ वजनासाठी मात्र नाही.

लघवीत साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. खाज, पांढरा स्राव असे त्रास होतात आणि संकोचाने लोक बोलत नाहीत. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं एवढ्याने बरंच टळतं. दुसरा धोका दुर्मीळ पण गंभीर : शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठणं. निर्जळी उपवास, सलग उलट्या, ऑपरेशनची तयारी, किंवा भात-पोळी एकदम तोडणारं डाएट, या वेळी तो वाढतो. कडक एकादशी धरणाऱ्यांनी आणि नवरात्राचे नऊ दिवस उपाशी राहणाऱ्यांनी ही गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना तसं सांगावं.

*दुसरा कुठलाच आजार नाही, फक्त वजन : ऑर्लिस्टॅट*

हे खास वजनाचंच औषध. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता, भारतात १२० आणि ६० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. मेंदूशी, भुकेशी याचा संबंध नाही. आतड्यात चरबी पचवणारं जे पाचक द्रव्य असतं त्याला हे अडवतं, आणि खाल्लेल्या चरबीतली साधारण तीस टक्के न पचता बाहेर पडते.

गणित करून बघू. दिवसाला १,५०० कॅलरींचा आहार आणि त्यात तीस टक्के कॅलरी चरबीतून, म्हणजे ५० ग्रॅम चरबी. तिचे तीस टक्के, १५ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर रोज १३५ कॅलरी वाचल्या. बस, एवढंच. स्वीडनमध्ये ३,३०५ लोकांवर चार वर्षं चाललेल्या चाचणीत ऑर्लिस्टॅटवाल्यांचं वजन शेवटी ५.८ किलो कमी होतं, नुसती खोटी गोळी आणि आहाराचा सल्ला मिळालेल्यांचं ३ किलो. मधुमेहाचा धोका मात्र ३७ टक्क्यांनी कमी झाला, ही जमेची बाजू.

आता खरी गोम. खाण्यात चरबी जास्त झाली की ती न पचलेली चरबी तेल होऊन बाहेर येते, आणि ती तुमची परवानगी घेत नाही. वायू सरताना कपड्याला तेलाचा डाग, अचानक घाई, शौचावर तरंगणारा तवंग. लोकलमध्ये किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात हा अनुभव नको असेल तर ताटाचा हिशेब शिका. प्रत्येक जेवणात चरबी साधारण १५ ग्रॅमच्या आत ठेवायची. चहाच्या चमच्याभर तेलात जवळजवळ ५ ग्रॅम. घडीच्या पोळीला आतून लावलेलं तेल, भाजीची फोडणी आणि वरणावरचं तूप मिळून तीन चमचे सहज होतात, तिथेच हद्द गाठली.

शेंगदाणे फसवतात. त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चरबी. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम दाण्यांत १५ ग्रॅम. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट मुठीने पडतं, वर तूप-जिऱ्याची फोडणी, बाजूला बटाट्याचा तळलेला कीस. उपवासाचा दिवस हा ऑर्लिस्टॅटवाल्यासाठी महिन्यातला सर्वांत तेलकट दिवस ठरतो. मिसळीवरची तर्री, सुक्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी रस्सा हे सगळं याच खात्यात.

कॅप्सूल जेवताना किंवा जेवण झाल्यावर तासाभराच्या आत घ्यायची, दिवसातून तीनदा. जेवण चुकलं किंवा त्यात चरबीच नव्हती (नुसतं ताक-भात, फळं) तर ती कॅप्सूलही गाळायची. चरबीत विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही सोबत निघून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, कॅप्सूलपासून किमान दोन तास लांब. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत चार तासांचं अंतर. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करूच नका. पित्ताचा प्रवाह अडलेला असेल, अन्न न पचण्याचा जुना आजार असेल किंवा दिवस गेले असतील तर हे औषध बाद. मुतखडे झालेल्यांनीही जपून. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर थांबवा आणि लगेच दाखवा. यकृताला इजा दुर्मीळ आहे, पण नोंद आहे.

खर्चाचं आधीच सांगतो. एक कॅप्सूल ब्रँडनुसार साधारण तीस ते पन्नास रुपये. दिवसाला तीन, महिन्याला नव्वद. तीन-चार हजारांच्या घरात जातं. औषध जुनं आहे म्हणून स्वस्त असेलच असं नाही. काही डॉक्टर दुपारच्या आणि रात्रीच्या मोठ्या जेवणांपुरतीच लिहितात, खर्च तेवढा उतरतो. विचारायला हरकत नाही.

*अर्धशिशी आहे : टोपिरामेट*

फिट्ससाठी १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, पुढे अर्धशिशी टाळण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं औषध. भूक कमी करतं. फेन्टरमिन (भूक मारणारी गोळी, पुढे येतेच) सोबतच्या जोडगोळीला तिकडे २०१२ मध्ये वजनासाठी मान्यता मिळाली. त्या जोडीने वर्षभरात आठ-दहा टक्के वजन उतरतं, जुन्या गोळ्यांत हा सर्वांत चांगला आकडा.

सुरुवात रात्री २५ मिलिग्रॅमने, आठवड्याला तेवढीच वाढ. घाई केली की डोकं जड. नेमका शब्द तोंडाशी येऊन अडतो, वाचलेलं लक्षात राहत नाही. शिक्षक, वकील, एमपीएससीचा अभ्यास करणारे यांनी हे सुरू करण्याआधी दोनदा विचार करावा. बोटांना मुंग्या येतात, त्या शुगरच्याही नव्हेत आणि बी-१२ च्याही नव्हेत, औषधाच्याच. सोडा आणि कोल्ड्रिंक बेचव लागतं, तो एक फायदाच समजा.

गंभीर गोष्टी तीन. बाईच्या पोटात बाळ असेल तर बाळाला दुभंगलेल्या ओठा-टाळूचा धोका, शिवाय जास्त डोसला गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो. म्हणून खात्रीचं गर्भनिरोधन नसेल तर नको. सुरुवातीच्या महिन्यात डोळा अचानक दुखून धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, डोळ्यातला दाब चढलेला असू शकतो. आणि मुतखडा : पाणी भरपूर प्या. या औषधाने घामही कमी येऊ शकतो, विशेषतः मुलांना. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही साधी बाब नाही. सोबत मेटफॉर्मिन चालू असेल तर दोघांच्या रक्तात आम्ल वाढवण्याच्या दुष्परिणामांवर डॉक्टरांची नजर हवी.

*उदासपणा आहे, सिगारेट सोडायची आहे : बुप्रोपिऑन, जमल्यास नाल्ट्रेक्सोनसोबत*

दोन्ही ऐंशीच्या दशकातली औषधं. बुप्रोपिऑन नैराश्यावर आणि तंबाखू सोडण्यासाठी, नाल्ट्रेक्सोन दारू सोडवण्यासाठी. दोघांच्या जोडीला अमेरिकेत २०१४ मध्ये वजनासाठी मान्यता मिळाली, पाच-सहा टक्के वजन उतरतं. पोट भरलेलं असूनही फरसाणाचा डबा उघडणाऱ्यांना याचा उपयोग जास्त जाणवतो. मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेलं उत्तम. निव्वळ उदासपणासाठी गोळी निवडायची असेल तर मिर्टाझापिनपेक्षा बुप्रोपिऑन वजनाला सोयीचं.

फिटचा इतिहास, खाऊन मुद्दाम उलटी करण्याची सवय, काबूत नसलेलं बीपी, किंवा रोजची दारू नुकतीच एकदम सोडलेली : बुप्रोपिऑन नको. नाल्ट्रेक्सोनवर असताना ट्रामाडॉलसारखी दुखण्याची औषधं काम करत नाहीत, आणि ती आधीपासून चालू असतील तर अंगात असह्य त्रास सुरू होतो. ट्रामाडॉल आपल्याकडे कंबरदुखीच्या अनेक चिठ्ठ्यांवर असतं, म्हणून दुसऱ्या पायरीतली ती वही पुन्हा बघा. मन एकाएकी बिघडलं, जीव नकोसा वाटू लागला तर घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

*फेन्टरमिन : अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी*

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या नातेवाइकांकडून हे नाव ऐकलेलं असतं. १९५९ पासूनचं, तिकडे खरंच स्वस्त. भूक मारतं, पण नाडी आणि बीपी वाढवतं, झोप उडवतं. मान्यता थोड्या काळापुरती, साधारण बारा आठवड्यांची. हृदयविकार, वाढलेला थायरॉइड, काचबिंदू, गर्भारपण असेल तर नाही. तिथे राहत असाल तर सकाळीच घ्या आणि बीपी घरी मोजत राहा. इथे हे मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि ते मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येतं. दिवाळीला येणाऱ्या चुलतभावाला 'दोन बाटल्या घेऊन ये' असं सांगणं त्याला विमानतळावर अडकवू शकतं.

पाचवी पायरी : ज्याच्या जवळही जायचं नाही

वजनाच्या जुन्या औषधांचा इतिहास फार चांगला नाही. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा खराब होतात हे कळल्यावर १९९७ मध्ये ते बाजारातून गेलं. रिमोनाबँटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले; भारतात २००९ मध्ये बंदी. सिब्युट्रामिनने हृदयविकार आणि पक्षाघात वाढले. अमेरिका-युरोपात २०१० मध्ये काढलं, भारतात २०११ मध्ये बंदी. लॉर्केसेरिन कर्करोगाच्या शंकेने २०२० मध्ये गेलं.

यातलं सिब्युट्रामिन अजून जिवंत आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, चूर्ण आणि कॉफीच्या पुड्यांत ते मिसळलेलं अनेक देशांच्या औषध खात्यांना वारंवार सापडलंय. चूर्ण घेतल्यावर दोन दिवसांतच भूक मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली, तर त्यात गिलोय किंवा त्रिफळा नाही, दुसरंच काहीतरी आहे. डबा फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी काट्यावर दोन किलो उतरतात ते पाणी असतं. ओळखीच्या जिममध्ये मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांबद्दल बोलायलाच नको.

सहावी पायरी : डॉक्टरांसमोर

वही, रिपोर्ट आणि बीपीचे आकडे घेऊन जा. मग हे विचारा : माझ्या इतर आजारांत हे औषध बसतं का? यासाठी त्याला मान्यता आहे की तुमच्या अनुभवावर देताय? कोणत्या लक्षणावर मी स्वतः थांबवायचं? चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहाल का? शेवटचं विचारलं की जनऔषधीत किंवा स्वस्त ब्रँडमध्ये घेणं सोपं होतं. एका मुद्द्यावर आग्रह धरा : औषध नवं सुरू होताना एका वेळी एकच. दोन एकदम सुरू केली आणि त्रास झाला तर कोणामुळे झाला ते कुणालाच कळत नाही.

सगळी औषधं एकाच मेडिकलमधून घेतलीत तर औषधांची टक्कर लक्षात येण्याची शक्यता वाढते. चार ठिकाणांहून घेतलीत तर कुणाकडेच पूर्ण यादी नसते.

सातवी पायरी : बारा आठवड्यांनी निर्णय

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, तेच कपडे, तोच काटा. पूर्ण डोसवर पोचल्यावर बारा आठवड्यांत सुरुवातीच्या वजनाचे पाच टक्के गेले नाहीत, तर ऑर्लिस्टॅट किंवा बुप्रोपिऑन-नाल्ट्रेक्सोन चालू ठेवण्यात अर्थ नाही. ८० किलोच्या माणसाला ४ किलो. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांना हा नियम लावू नका. ती शुगरसाठी असतील तर काटा हलला नाही तरी त्यांचं काम चालू असतं. टोपिरामेटचं यश आधी अर्धशिशीच्या झटक्यांवर मोजा.

थांबवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. ऑर्लिस्टॅट आज बंद केलं तरी चालतं, दोन-तीन दिवसांत पोट पूर्ववत. टोपिरामेट कधीही एकदम सोडायचं नाही, फिट नसणाऱ्यालाही येऊ शकते. डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. बुप्रोपिऑनही डॉक्टरांच्या वेळापत्रकाने. आणि औषध थांबलं की वजन परतू लागतं, हे इंजेक्शनलाही लागू आहे. म्हणून थांबवल्यावरचे पहिले तीन महिने काट्यावरचं ते साप्ताहिक वजन चालूच ठेवा. सलग तीन आठवडे वाढ दिसली आणि एकूण दोन किलोंच्या वर गेली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. उरलेली स्ट्रिप वहिनीला किंवा शेजारच्या ताईंना देऊ नका. त्यांच्या पिशवीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.